पावती नसलेली लस

चिकोडीच्या तालुका दवाखान्यात, वरच्या हॉलमध्ये
एक पंखा चालू, एक नुसता हलणारा.
बेंगळूरहून आलेला डॉक्टर कन्नडात सांगतो,
मी मनात ते निपाणीच्या मराठीत करून घेते :
ही पिचकारी. ही नाकात. आत आत्ता नुसतं मिठाचं पाणी.
ही टिकली. ही दंडावर.
तिच्या पोटाला काटे आहेत म्हणे, केसाहून बारीक,
औषधाचेच घडवलेले,
कातडीत शिरून तिथंच विरघळणारे.
ही अजून यायची आहे, म्हणाला.
कधी, ते नाही म्हणाला.

एकोणतीस वर्षं मी सुई धरली.
वखारीमागच्या गल्लीत शिरले की
पोरं पत्र्यावर चढायची.
जेवत नाहीस? थांब, लगमाक्काला बोलावते,
असा माझ्या नावाचा घास गिळून
एक अख्खी पिढी मोठी झाली.

सुईचा हिशेब सोपा.
टोचलं, रडलं, म्हणजे पोचलं.
कार्डावर तारीख मी नंतर लिहायची,
पावती आधी पोराच्या घशातून मिळायची.
जे रडलं नाही
त्याच्याकडे मी दोनदा बघायची.

मिठाचं पाणी मी माझ्याच नाकात मारून बघितलं.
गार. मग घशात खारट. मग शिंक,
आणि शिंकेत तंबाखू.
आई वखारीत चाळण धरायची,
मी तिच्या पायाशी पोत्यावर झोपायची.
पंचेचाळीस वर्षं आत बसलेली धूळ
सरकारी रुमालावर आली.

हात वर केला. आधी मराठीत विचारलं, मग कन्नडात दुरुस्त केलं :
सर, ज्या नाकानं जन्मभर तपकीर ओढली
त्या नाकाला हे कळेल का?
हॉल हसला.
डॉक्टर हसला नाही. वहीत लिहून घेतलं.
म्हणाला, माझ्या माहितीत तरी कुणी बघितलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये कोगनोळीचा नाका आठवला.
त्या वर्षी तिथं माझी ड्युटी होती, मांडवाखाली,
या राज्यातून त्या राज्यात जाणाऱ्यांची नाकं तपासायची.
कागलकडून एक नवरी आली, गाडीला झेंडूच्या माळा.
नथ बाजूला सरकवून मी काडी आत घातली,
तिच्या डोळ्यांतून पाणी आलं,
करवली म्हणाली, आत्ताच रडून घे, सासरी नको.
तासभर थांबवली त्यांना. कागद हवा होता.
रोग त्या दिवशी कितीदा गेला असेल
काच खाली न उतरवता.

संध्याकाळी दुंडव्वाच्या दारात टेकले.
सुपात पानं, मांडीवर दोऱ्याचं रीळ,
बोटं तिची तिचीच चालतात.
रिकामी पिचकारी दाखवली.
दुखत न्हाई?
न्हाई.
मग काय उपेग, म्हणाली,
आणि पोलक्याची बाही वर केली :
देवी टोचल्याचे दोन वण, नाण्याएवढे,
शेजारी गोंदलेली तुळस, हिरव्याची निळी झालेली.
ह्ये दुखलं हुतं. म्हणून अजून हाय.
मग अंगठा पुढं केला, विडी वळून वळून
खुराएवढा टणक :
हितं चिकटंल व्हय तुझी टिकली?

दंडावर लावतात, मी म्हटलं.
दंडबी माझाच हाय, ती म्हणाली.

नातू कन्नड शाळेत. दप्तर न काढताच आला.
सूजी इल्ला?
इल्ला.
त्याचा विश्वास नाही. माझ्या मागं जाऊन
त्यानं माझा दुसरा हात बघितला, मूठ उघडून.
मग पिचकारी घेतली, आकाशाकडं धरून दाबली.
फुस्स. काहीच नाही.
आज्जी, संपलं बी?

आणि मी, सवयीनं,
कुणीतरी रडायची वाट बघत बसलेली.

दुंडव्वानं डबी उघडली,
चिमूट भरून ओढली, एक नाकपुडी, मग दुसरी.
मी तिच्याकडे दोनदा बघितलं.
चाळीस वर्सं झाली, ती म्हणाली,
शिंक येत न्हाई.