दोघांपुरतं

पानशेत रस्त्याला, धरणाच्या फुगवट्याकाठी
हेरंबने गाडी लावली आणि म्हणाला, "आलो."
घरून निघून दोन तास झाले होते,
वारज्याच्या पुलावरची गर्दी धरून.
भोसरीत गॅरेजवाल्याने किल्ली देताना
थेट लडाखची गोष्ट काढली होती.
हा म्हणे, आधी एक रात्र जवळपास काढू,
काय गळतं, काय खडखडतं ते बघू.

खडखडतं सगळंच.
चमचे, झाकणं, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या.
सिंहगड रस्त्याच्या एकेका गतिरोधकाला
मोहरी जिऱ्यात गेली,
हळद सगळ्यांत.

ओटा म्हणजे दोन वीत.
माझा ओटा चौदा फुटांचा होता,
पिंपरीच्या कारखान्यात, कँटीनला, एकोणतीस वर्षं.
एका पाळीला बाराशे पानं.
डाळ मी घमेल्याने मोजायचे, मीठ ओंजळीने,
आणि कलाबाई चांदणे चव बघून नुसती मान हलवायची,
उजवीकडे म्हणजे मीठ, डावीकडे म्हणजे पाणी.
घरचा स्वयंपाक हेरंबकडे.
खरं सांगायचं तर दोघांपुरतं कसं करतात
हे मला त्यालाच विचारावं लागतं.

पण आज मी करते म्हटलं.
कढईत तेल ओतलं,
ते एका कुशीला जाऊन बसलं.
"गाडी कललीय."
त्याने मोबाईल टेकवून पातळी बघितली. "सरळ आहे."
मी कढई दाखवली.
तो गुपचूप उतरला, डाव्या चाकापुढे फळी सारली,
गाडी वीतभर पुढे घेतली, मग बोटभर मागे,
आणि तेल सावकाश मध्यभागी आलं,
कुणी हाक मारल्यासारखं.

मग लसूण. मग हिरवी मिरची.
आणि छताला चिकटवलेली पांढरी डबी
किंचाळायला लागली.
फोडणीला धूर समजणारी ही डबी
कुठल्या मुलखात बनते कोण जाणे.
हेरंब वर्तमानपत्राने वारा घालतोय,
मी खोकतेय, हसतेय,
काठावर गळ टाकून बसलेली दोन पोरं
मासा सोडून आमच्याकडे बघतायत.

सगळा पसारा बाहेर काढला.
बाहेर वारा. शेगडी तीनदा विझली.
दाराचा आडोसा केला, घडीच्या टेबलाचा केला,
शेवटी हेरंबच उभा राहिला, पाय फाकवून,
पाठ पाण्याकडे, पायजमा फडफडतोय,
तेव्हा कुठे ज्योत निळी झाली.
"हलू नकोस आता वीस मिनिटं."
हलला नाही.
उभ्या उभ्या कांदा तेवढा चिरून घेतला त्याच्याकडून,
तो त्याच्यासारखा बारीक मला कधीच जमला नाही.

पिठलं झालं.
पातेल्याकडे बघून तो काही बोलला नाही.
मीही नाही.
आठ जणांचं तरी होतं ते.

पोरांना हाक मारली.
एक किरकटवाडीचा, एक नांदेड फाट्याचा,
लाजले आधी, मग बसले,
मग भाकरीचा हिशेब राहिला नाही.
"काकू, गाडीवर हॉटेल टाकताय का?"
किरकटवाडीच्याने विचारलं, तोंड भरलेलं असताना.
मी त्याच्या मानेकडे बघत होते, कुठे हलते ते.
ती खालीच होती, ताटात.
जाताना पिशवीत एक चिलापी ठेवून गेले.
तिचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.
आमचं कँटीन शाकाहारी.

भांडी अंधारातच घासली.
टाकीत साठ लिटर पाणी, ते दोन दिवस पुरवायचं.
तेवढ्यात तिकडे नुसते चमचे भिजले नसते.
पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात लांब होत गेले,
आणि हेरंब आत बिछाना ओढता ओढता म्हणाला,
"सकाळी पोहे कर. दोन वाट्या."
"कोण कोण आहे?"
"आपणच की."

बरं म्हटलं.
चार काढून ठेवल्या.