साखर चोळताना

उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत.
खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात.
मी सांगायचं आणि वदीअने करायचं,
एकतीस वर्षांच्या संसारात हा क्रम नवा आहे.

"पिळायची ना?" त्याने पहिलं लिंबू मुठीत धरलं,
बोटीच्या इंजिनचा हट्टी नट धरावा तसं.
पिळायची नाहीत.
बत्रूनमध्ये जन्मलास, बंदरावर वाढलास,
उन्हाळ्यात दिवसाला चार पेले रिचवलेस,
आणि तुला वाटतं, लिंबं पिळायची?

चिरायची. सालीसकट. आठ फोडी.
बिया काढ. सगळ्या.
ती बघ एक, लपून बसलीय.
वर साखर, हात आखडता न घेता,
आणि आता चोळ.
अंगठ्याने, तळव्याने,
साल आपलं तेल सोडेपर्यंत.
साखरेची आधी ओली वाळू होते,
मग चिखल, मग
कसं सांगू, मग तिचा आवाज बदलतो.
करकर थांबते.

"आवाज?" म्हणाला, आणि कान भांड्याशी नेला,
रोज बंद पडलेल्या मोटारीशी नेतो तसा.
हे मात्र त्याला लगेच कळलं.

आणि एकदम हात वर.
"स्स्."
काल पात्याने कापलेलं बोट,
नखांच्या कडेची फाटलेली कातडी,
सगळीकडे लिंबू शिरलं होतं.
नळाखाली हात धरून तो उभा राहिला
लागतो त्याहून जास्त वेळ.
खाली गल्लीत जनरेटरची घरघर.
मग माझ्याकडे न बघता:
"तुझ्या हातांना व्हायचं असं?"

मासे साफ करणारे हात माझे,
हिवाळ्यात ऑलिव्ह ठेचणारे,
ब्लीचच्या पाण्याने जिना धुणारे.
भेगा कधी नव्हत्या ते आठवावं लागेल.
"व्हायचं."
"कधी बोलली नाहीस."
यावर दोन-तीन उत्तरं तयार होती माझ्याकडे,
चांगली धार लावलेली.
मी म्हटलं, साखर खाली बसतेय. चोळ.

तेवढ्यात दारावर मिलाद,
जनरेटरची वर्गणी मागायला.
पाच अँपियरचा आकडा ऐकला की
वदीअ एरवी जिना दणाणून सोडतो.
आज कोपरापर्यंत चिकट झालेले हात वर धरून म्हणाला,
"बस. गाळायचं राहिलंय."
आणि पोरगा बसला, पावत्यांचं पुस्तक मांडीवर,
दवाखान्यात बसतात तसा.

फडक्याचं एक टोक मी दातात धरलं, एक डाव्या हातात.
वदीअने ओतलं. थोडं माझ्या प्लास्टरवर.
मग पाणी, वीज येऊन गेली तेवढ्यात जमलेला बर्फ,
आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी, झाकणभर.
झाकणभर म्हटलं ना! थांब.
तो थांबला नाही.

पहिला पेला मिलादला.
बिल घेऊन आला तरी पाहुणाच.
त्याने डोळे मिटले, उघडले,
"सित्त नुहाद, आज जरा..."

कडू. कडूच होतं.
शेवटी सालीला नट समजूनच पिळलं होतं त्याने,
आतल्या पांढऱ्याचा सगळा राग उतरला होता.
मिलादने तरी पेला संपवला,
निम्मे पैसे घेतले, पावती पूर्ण फाडली,
आणि जिन्यावर शिट्टी वाजवत गेला.

संध्याकाळी वदीअ माझ्या प्लास्टरवरचा डाग
नखाने खरवडत बसला होता.
मुंग्यांना पत्ता लागलाच होता.
"पुढच्या वेळी कमी चोळेन," म्हणाला.

पुढच्या वेळेपर्यंत हात मोकळा झालेला असेल.
डॉक्टरने तारीख दिलीय, एकोणीस.
ती मी त्याला सांगितली नाही.
म्हटलं, उरलेला पेला इकडे कर,
बर्फ वितळून थोडा निवळला असेल.