दोन बोटं माया

"एकशे बेचाळीस!"
काट्यापासून मी ओरडले,
केसपेपर लिहिणारी मुलगी खिडकीपलीकडे बसते म्हणून.
रोजच ओरडते. पंचावन्न. अठ्ठेचाळीस. बासष्ट.
त्या दिवशी बाकांवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या
आणि खोकल्याच्या रांगेतून कुणीतरी
मार्केट यार्डाच्या काट्याचं नाव काढलं.
मी हसले.
हे लिहायचं नव्हतं.
पण मीही हसले.

सगुणाबाई भिंताडे काट्यावरून पाठमोऱ्या उतरल्या,
भिंतीला हात लावून,
विहिरीच्या पायऱ्या उतरावं तशा.
खुर्चीला हात होते, म्हणून उभ्याच राहिल्या.
रक्तदाबाचा पट्टा दंडाला पुरेना.
तीनदा गुंडाळला, तीनदा चर्रकन सुटला,
तिन्ही वेळा "सॉरी" त्या म्हणाल्या.
पट्टा आमचा, आणि सॉरी त्यांचं.

रात्री श्वास अडकतो, बसून झोपावं लागतं,
एवढंच सांगायला त्या आल्या होत्या.
डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता सांगितलं,
रोज सकाळी पर्वती चढत जा.

मग भाचीचं लग्न निघालं.
जाऊ म्हणाली, नाना पेठेत एक बाई आहे,
तिचं माप कधी चुकत नाही.
बोळाच्या टोकाला दुकान, आत एकच मशीन,
मशीनवर सगुणाबाई.

त्यांनी ओळखलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.
"हात जरा लांब करा," एवढंच म्हणाल्या.
टेप आधी तळहातात धरून ठेवली,
गार लागते म्हणून.
छाती, कंबर, दंड, पाठ,
एकही आकडा ओठांवर नाही.
वही छातीशी धरून पेन्सिलीनं लिहीत होत्या,
शेजारी टेकलेल्या जावेलासुद्धा काही दिसलं नाही.

मी विचारलं, मोठ्यानं बोलत नाही का तुम्ही?
"आकडा ज्या बाईचा, तिचा असतो," म्हणाल्या,
"दुकानाचा नसतो."

खडूची रेघ ओढली आणि कात्री चालवली रेघेच्या बाहेरून.
"दोन बोटं माया ठेवते आत.
अंग काय एका जागी राहतं?
बाळंतपणं येतात, गोळ्या सुरू होतात, माणसं जातात.
उसवायला जागा नको?"

नंतर, दोरा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता:
"चारदा उतरवलं मी. एकदा तर तीस किलो.
अंग विसरत नाही हो, परत मागून घेतं, वर थोडं जास्तच.
माझी आई अशीच होती. मावशी अशीच.
आणि भूक... तुम्हाला लागते तशी नाही ती.
जेवून हात धुतले तरी आतून कुणीतरी दार वाजवत राहतं.
लोकांना वाटतं, मी हौसेनं उघडते."

सुईत दोरा गेला.
माझ्याकडे बोलायला काही नव्हतं,
पंचवीस वर्षं नर्स आहे मी.

रुंद पट्ट्यासाठी तीन अर्ज केले.
भांडारातला पाठक म्हणाला, एका पेशंटसाठी?
म्हटलं, हो, एका पेशंटसाठी.
काटा पडद्यामागे सरकवला.
सुताराकडून एका खुर्चीचे हात कापून घेतले,
तिच्यावर सध्या कुणीही बसतं,
परवा एक शाळकरी पोर मांडी घालून बसलं होतं.

ब्लाऊज आणायला गेले तेव्हा हे सगळं सांगितलं.
नवीन मॅडम आल्यात, त्या आधी झोपेचं विचारतात,
हेही सांगितलं.
"बघते," म्हणाल्या. "लग्नसराई संपू दे."
मी "हो" म्हटलं. आग्रह करायचा मला कुठला हक्क?

अजून आल्या नाहीत.

घरी ब्लाऊज उलटा करून पाहिला:
काखेखाली, दोन्ही बाजूंना, ती दोन बोटं,
कुणाला दिसू नये अशी दुमडलेली.

आज पडद्यामागे एक मुलगी काट्यावर चढली, डोळे मिटून.
आकडा ओठांपर्यंत आला.
मी पेन्सिल शोधली.