मालकाचा रकाना

तो वाहत आला नव्हता.
जांबा वाहत नाही, बुडतो.
नदी त्याला तळातून लोळवत आणते,
पावसाळ्यात दहा हात,
मग आठ महिने बसून राहते,
पुन्हा दहा हात.

मे महिन्यात सोनाळच्या वळणावर
म्हादई घोट्याएवढी झाली
आणि तिळूच्या म्हशीचा खूर त्याच्यावर घसरला.
खडक असेल, बायको म्हणाली.
तिळू म्हणाला, खडक असा बद्द वाजत नाही.

आम्ही चौघं, एक ट्रॅक्टर,
ट्रकच्या फुगवलेल्या सहा ट्यूबा,
शिवाय इनास,
ज्याच्या उजव्या हाताची दोन बोटं
आमच्या होंड्याच्या गिरणीने कधीच ठेवून घेतलीत.
बाबांनी त्याला नंतर कायमचं कामावर घेतलं.
भरपाई की शिक्षा, मी कधी विचारलं नाही.

साखळी दोनदा तुटली.
कोकणी शिव्या संपल्या, तेव्हा इनासने
आजोबांच्या पोर्तुगीज शिव्या काढल्या,
अर्थ न कळता, पूर्ण श्रद्धेने.
तिसऱ्या दिवशी दुपारी ओंडका काठावर आला,
काळा, बुळबुळीत, अंगभर शिंपल्या.
इनासने कोयत्याने ढलपी काढली,
नाकाशी धरली, जिभेला लावली, थुंकला.
"जांबो. म्हज्या बापायपरस जाण्टो."

वनखात्याचा गार्ड टेप घेऊन आला.
घेर सात फूट, लांबी बावीस.
अर्जात रकाने होते: जात, घनफळ, सापडल्याचं ठिकाण,
मालक.
तिथे त्याचं पेन थांबलं.
नदी लिहा, मी म्हटलं.
तो हसला नाही. 'बेवारशी' लिहिलं,
हातोडीने बुंध्यावर सरकारी आकडा ठोकला
आणि चहा न घेता गेला.

गिरणीत पाइप लावून धुतला
तेव्हा चिखलाखालून कुऱ्हाड दिसली.
कुऱ्हाड नव्हे, तिचे घाव,
एकाखाली एक, तिरपे, न चुकलेले.
आणि टोकाशी आरपार भोक,
चौकोनी, पटाशीने कोरलेलं,
ओढायचा दोर ओवायला.
भोकाची एक कड दोराने झिजलेली.

म्हणजे हा पडला नव्हता, पाडला होता.
कुणीतरी आठवडाभर घाव घातले,
म्हशी जुंपल्या, रानातून नदीपर्यंत आणला,
आणि तिथे कुठेतरी
दोर सुटला असेल, रात्रीत पाणी चढलं असेल.
मुकादमाने मजुरी कापली का?
घरी जाऊन त्याने काय सांगितलं?
"बुडाला" म्हणाला असेल, आणि बायकोला
क्षणभर कळलं नसेल, कोण.

करवत सुरू झाली.
पहिली फळी सुटली आणि आत
ओला, तांबडा, विटेच्या भट्टीसारखा गाभा.
भुसा तंबाखूसारखा हाताला चिकटत होता.
पातं तीनदा उतरवून धार लावली.
लाइट गेली तेव्हा
अर्धवट चिरलेल्या फटीतून पाणी ठिबकलं,
किती वर्षांचं, कोण जाणे.

शेवटचे दोन फूट उरले. भोकाचे.
सुताराला तेही हवे होते, चौरंगाला पुरतील म्हणाला.
इनासने ट्रॉली थांबवली,
तीन बोटांचा हात वर केला.
मी खातं बघितलं, दर बघितला,
इनासकडे बघितलं.
राहू दे म्हटलं.

फळ्या आता शेडमध्ये रापताहेत,
मध्ये काठ्या घालून, वारा खेळता ठेवून.
इंचाला एक वर्ष.
दोन इंची आहेत. घाई करणाऱ्याला मी देत नाही.

तो तुकडा फाटकाशी आहे.
पोरं त्यावर बसून पाव-भाजी खातात.
आणि गेल्या आठवड्यापासून तिळूने,
कुणाला न विचारता,
त्या भोकातून दावं ओवून
रेडकू बांधलंय.
ते ओढतं.
ओंडका हलत नाही.