स्त्रीलिंगी

दर मंगळवारी साडेसहाला
एल्स्टर्नविकच्या वाचनालयामागच्या खोलीत
आम्ही नऊ जण मुलांच्या खुर्च्यांवर बसतो.
दिवसा इथे बालवाडी भरते. भिंतीवर बदकं आहेत,
आणि आमचे गुडघे हनुवटीला टेकायला येतात.
मी एकसष्टची. उजवीकडून डावीकडे पेन्सिल नेताना
हात असा अडखळतो
जसा दुसऱ्याच्या शर्टाला बटणं लावताना.

शिकवणारी हिंडा एकोणतीसची.
तिच्या घरी कुणीच यिडिश बोलत नव्हतं.
आमच्या घरी बोलायचे, फक्त आमच्याशी नाही.
उधारी, दुखणी, शेजारणीचा नवरा,
मुलांच्या कानी पडू नये ते सगळं त्या भाषेत.
मी आणि ब्रोन्या
त्या बंद दाराला कान लावूनच झोपायचो.

थुई माझ्या शेजारी बसते. वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
"पहाटे तीनला म्हातारी माणसं इंग्रजी विसरतात," ती म्हणते,
"निदान पाणी मागितलेलं तरी कळावं."
तिला 'वासेर' पहिल्याच दिवशी आलं.

मी आले होते एका वाक्यासाठी.
एकाहत्तरचा जून, मेलबर्नची थंडी,
मी आठ वर्षांची. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर,
चहाच्या पेल्यात फिरणारा चमचा थांबला
आणि आई हळूच म्हणाली:
झी वेट निश्ट आउसहाल्टन देम विंटर.
बाबा काही बोलले नाहीत. चमचा परत फिरू लागला.
त्यातलं 'विंटर' तेवढं कळलं होतं.
बाकीचं त्रेपन्न वर्षं तसंच जपलं,
कोट केव्हाच गेला, बटण डबीत राहिलं.

सर्वनामांचा धडा मार्चमध्ये झाला. झी म्हणजे ती.
क्रियापद मात्र समोर येऊनही ओळखता आलं नाही,
पुस्तकात ते 'ओय'ने सुरू होतं, हिंडाही तसंच म्हणते.
मग एका मंगळवारी उतारा फायव्हलकडे आला.
फायव्हल त्र्याऐंशीचा, लोड्झचा,
पुस्तकाचं ऐकत नाही, त्याच्या आईचं ऐकतो.
तो वाचत गेला, 'आउस, आउस',
आणि माझ्या मानेवर कुणीतरी गार हात ठेवला.

ती हा हिवाळा काढणार नाही.

ब्रोन्या ऑगस्टमध्ये गेली.
आम्हाला सांगितलं होतं: साधा खोकला आहे,
पलंग खिडकीपासून लांब सरकवा.

वर्गात कुणी बोलेना. थुईने तिची पाण्याची बाटली पुढे केली.
फायव्हलनेच विचारलं, "बाप काय करायचा?"
"विणकाम. मागच्या खोलीत स्वेटरची मशीन होती."
"चालायची?"
"अडायची. सारखी."
"मग?" तो म्हणाला. "मशीनसुद्धा झीच की.
आमच्याकडे मशीन बाईमाणूस."

इंग्रजीत वाढलेल्या मला हे सुचलंच नसतं.
मशीन जुलैमध्ये भंगारात गेली.
मी हातगाडीमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले होते,
सुई अजून तिच्यातच होती.

आता दोघी आहेत, आणि वाक्य एकच.
आईला विचारावं तर तिला जाऊन चार वर्षं झाली,
आणि शेवटच्या आठवड्यात ती जे पुटपुटत होती
त्याला मी मान डोलवत होते, इंग्रजीत.

हिंडाने घरचा अभ्यास दिलाय:
'झी' वापरून पाच वाक्यं.
झी रात्रपाळीला जाते. झी पाणी आणते.
झी भिंतीपलीकडून ऐकते.
चौथ्यात मी मशीन घातली, तेल वगैरे.
पाचव्या ओळीच्या उजव्या टोकाला
'झी' लिहून थांबले आहे.
डावीकडे अख्खी ओळ रिकामी.