तालमीतली सिस्टर

निवृत्तीनंतर कुणी बोलावेल असं वाटलं नव्हतं,
तेही नाटकवाले.
टिळक रोडमागचा हॉल, जिन्याखाली चपलांचा ढीग,
टेबलावर जुन्या बाजारातून आणलेलं पितळी स्पेक्युलम.
विकणारा म्हणे बदकाची चोच आहे, शोपीस.
दीडशेला दिलं.

नाटक अठराशे सत्तरचं. लष्करातलं इस्पितळ,
गोऱ्या पलटणीसाठी तपासायच्या बायका,
दर पंधरवड्याला हजेरी,
नाही आली तर दारात शिपाई.
सगुणाचं काम करणारी अन्विता, दिवसा हिंजवडीला असते,
म्हणाली, "सिस्टर, झोपायचं कसं?"
दाखवलं. पाय इथे, नजर वर.
सगळ्याच वर बघतात, पंख्याची पाती मोजतात.
"तेव्हा पंखे नव्हते," दिग्दर्शक म्हणाला.
मग कौलं मोजत असेल.

डॉक्टर झालेल्या पोराने
ते पितळ आधी दोन्ही तळहातांत धरलं,
ऊब यावी म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं.
"नको, नको! गारच पाहिजे,
गार आहे म्हणून तर सीन आहे!"

मी खुर्चीत चुळबुळले.
आमच्या लेबर रूममध्ये एका पाळीला सतरा बाया,
टेबलं चार.
ऊब कुठल्या कपाटात ठेवायची?

"इथली आया काय बोलेल हो?
आपल्यातलीच बाई, साहेबाच्या पगारावर.
तिला अजून वाक्यच नाहीये."

आणि माझ्या तोंडून ते सरळ निघालं,
कमरेवर हात, तोच आवाज,
बत्तीस वर्षं घासलेला:
"आता कशाला बोंबलतेस?
तेव्हा गोड लागलं ना?"

हॉल गप्प.
मग दिग्दर्शक भराभर लिहू लागला.
"वा! कुठल्या दप्तरात सापडलं तुम्हाला?"
अन्विता उठून बसली, साडी घोट्यांपर्यंत ओढली.
तिने काही विचारलं नाही.
तिचा जन्म कुठल्या दवाखान्यातला,
मीही विचारलं नाही.

प्रयोगाला तिसऱ्या रांगेचा पास होता.
वाक्य आलं.
मागे हशा पिकला, बायकांचाच,
हळदीकुंकवात हसतात तसा.
माझ्या शेजारची हसली नाही,
तिने पर्स उचलून पोटाशी धरली
आणि मध्यंतरानंतर खुर्ची रिकामीच राहिली.

पडदा पडल्यावर मी विंगेत गेले.
पितळ गार होतं.
धरून उभी राहिले, दोन्ही तळहातांत,
दिवे एकेक विझत होते.
"मावशी, द्या इकडे," सामानवाला पोरगा म्हणाला,
"मोजून पेटीत भरायचंय."