सतरा पोरांचा हिशेब

बोग्नाच्या लग्नाचा हॉल म्हणजे आमच्या गावच्या बंबाचं घर.
लाल गाडी बाहेर काढून लिंडनच्या झाडाखाली लावली,
फरशीवरचे तेलाचे डाग सोड्याने घासले, की झाला हॉल.
भाडं नाही.
गावातले निम्मे पुरुष या बंबावरचे स्वयंसेवक,
आणि त्या रात्री पाळी शेजारच्या गावाची.

वधूची आई ल्युत्सिना, माझी थोरली बहीण.
तिने माझ्या हातावर दोनशे झ्लॉटी टेकवले:
"पोरं तुझ्याकडे. सतरा आहेत. पहाटेपर्यंत."
शहरातून एक बाई येते म्हणे,
फुगे पिळून कुत्री करते, गालांवर वाघ काढते,
तासाला तीनशे घेते.
तीनशेत आमच्याकडे एक अख्खं टेबल जेवतं.

मी शाळेत सूप वाढते, एकवीस वर्षं झाली.
पोरांच्या पोटातली भूक कुठली आणि कंटाळा कुठला
हे मला वाटी पुढे येण्याआधी कळतं.
खाटकाकडून तपकिरी कागदाचा गुंडाळा आणला,
त्यांचं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलं.
पेन्सिली शाळेतल्या, कुणीकुणी विसरलेल्या, चावलेल्या.
मग रात्र जागून चिठ्ठ्या लिहिल्या:

सोन्याचा दात असलेला माणूस शोधा.
जिला बूट चावतोय अशी बाई शोधा.
नवरदेव लहानपणी कशाला घाबरायचा, विचारून या.
सगळ्यात लांबून कोण आलंय?

वाटलं, दोन तास तरी निघतील.
पस्तीस मिनिटांत सगळ्या चिठ्ठ्या परत.
सोन्याचे दात तीन.
गेनोवेफा आत्याने तर बूट काढून
बर्फाच्या बादलीतच पाय सोडले होते.
नवरदेव घाबरायचा टर्कीला. अजूनही घाबरतो.

मग पोरांना आपला आपण शोध लागला
की "कडू! कडू!" म्हणून ओरडलं
की नवरा-नवरीला उठून मुका घ्यावाच लागतो.
टेबलाखालून सतरा गळे, दर दोन मिनिटांनी.
बोग्नाचं सूप तीनदा गरम करून आणलं,
तीनदा गार झालं.
याला खर्च शून्य.

एकच चिठ्ठी राहिली होती. काजेतानची, नऊ वर्षांचा.
सगळ्यात लांबून कोण, यापुढे त्याने लिहिलं होतं:
आला नाही.
बाप नॉर्वेत, मासळीच्या कारखान्यात. रजा मिळाली नाही.
मी चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात घातली.
दुसरं काही सुचलं नाही.

तो बाहेर बंबाच्या गाडीत जाऊन बसला,
डोक्यावर हेल्मेट, हनुवटीपर्यंत आलेलं.
झ्जिस्वाव काका त्याला सांगून आले:
बस खुशाल, फक्त तो लाल खटका सोडून.

मध्यरात्री बोग्नाच्या डोक्यावरची ओढणी उतरवत होते,
बायकांनी कडं केलं होतं, ॲकॉर्डियन हळू झालं होतं,
आणि सायरन.

नाचणारे, पेंगणारे, एक बाथरूममधला,
सगळे बंबवाले सूट-टायनिशी अंगणात धावले,
कुणाच्या हातात काटा, कुणाच्या काट्याला अजून काकडी.
"कुठे लागलीय?"
"कुठेच नाही," हेल्मेटच्या आतून.

क्षणभर मला वाटलं, आता पोराची खैर नाही.
झ्जिस्वाव काका पायरीवर चढले, खिडकीपाशी वाकले.
काजेतानने विचारलं, "नॉर्वेला ऐकू जातं का?"
काका बोट ओलं करून वर धरून उभे राहिले
जरा जास्तच वेळ.
"वारा तिकडचाच आहे," म्हणाले. "आणखी एकदा दाब."

या वेळी सतराही पोरं गाडीवर चढलेली होती.

सकाळी ल्युत्सिनाने हिशेब मागितला.
खडू चौदा. टॉफ्या शेहेचाळीस. फुगे नव्वदचे दहा कमी, ऐंशी.
टेबलावरचा कागद गुंडाळून बोग्नाला दिला,
बीटच्या रश्श्यासकट.
त्यात तिला अकरा बोटं आहेत आणि तिचा नवरा टर्कीवर बसलाय.
सायरन कुठल्या रकान्यात लिहायचा, कळेना. नाही लिहिला.

उरले साठ.
ते परत दिले नाहीत मी.
थंडीच्या आधी धाकट्या भाचीचं ठरतंय,
आणि पोरं आत्ताच विचारू लागली आहेत
गाडी तिथेच लावणार ना म्हणून.